शिकवणाऱ्याचा धडा

कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल. परवा जेवताना माझीच मुलगी म्हणाली, "बाबा, या रविवारपासून मी चर्चला येणार नाही." मी असा कडाडलो, की बिचारी ताटावरून उठून गेली!

दुसऱ्या दिवशी वर्गात 'स्मृतिचित्रे' होते. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले १८९५ साली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली, स्वतःला पटल्यावर. सांगता सांगता माझी जीभ अडखळली. टिळकांना पाच वर्षे थांबावे लागले. मला पाच मिनिटे धीर धरवला नव्हता!

संध्याकाळी मी मुलीला कारण विचारले आणि, बोलण्यावरच पोट भरणारा मी, गप्प बसून ऐकले.

रविवारी ती आली नाही. मी परतल्यावर मात्र म्हणाली, "बाबा, आज काय शिकवलंत?"