गाडीबाहेरच्यांचा दिवा

मोटारीच्या डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे मालकाच्या बाजूचे असतात. ऑइलचा दिवा लागला की समजायचं, आत्ता थांबलो नाही तर इंजिन जाम होईल आणि खिशाला मोठी चाट बसेल. बॅटरीचा दिवा रात्रीबेरात्री रस्त्यात अडकण्यापासून वाचवतो. हँडब्रेकचा, उघड्या दाराचा, न लावलेल्या पट्ट्याचा, हे सगळेही आपल्याच हिताचे. त्यांच्यात इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा मात्र वेगळ्या कुळीचा आहे. तो लागतो तेव्हा पुष्कळदा गाडी नेहमीसारखीच चालत असते. पिकअप तोच, आवाज तोच, चालवणाऱ्याला कसलाच त्रास नाही. त्रास होतो तो मागे स्कूटरवर थांबलेल्याला, फुटपाथवरून जाणाऱ्याला आणि चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाला.

हा दिवा माझ्या आयुष्यात फार उशिरा आला. आमच्या अण्णांच्या प्रीमियर पद्मिनीत तो नव्हताच. तिचा गिअर स्टिअरिंगजवळ होता आणि थंडीत ती चोक ओढल्याशिवाय सुरू होत नसे. अण्णांचं निदान कानानं, नाकानं आणि डोळ्यानं चालायचं. सायलेन्सरमधून काळा धूर आला की कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतोय, निळा आला की ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा येत राहिला की पाणी आत शिरतंय. प्लग काढून त्याचं टोक बघायचे. तपकिरी असलं तर ठीक, काजळलेलं असलं तर कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवायचा. ही विद्या खरी होती आणि तिनं गाडी वर्षानुवर्षं चालवली. पण या सगळ्या निदानात धूर म्हणजे इंजिनाची खबर, एवढंच होतं. तो धूर पुढे कुणाच्या छातीत जातो, हा प्रश्न त्यात बसत नव्हता.

आम्ही औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उस्मानपुऱ्यात राहायचो. पैठण गेटला जायचं असो की गुलमंडीला, क्रांती चौक ओलांडल्याशिवाय काम होत नसे. १८५७ मध्ये इथल्या छावणीतल्या घोडदळानं बंड केलं, त्यातल्या शिपायांना जिथं देहदंड दिला गेला तो काळा चबुतरा याच चौकातला. जालना रोड चौकाच्या मधून जातो, त्यामुळे शहरात आलेली प्रत्येक नवी गाडी कधी ना कधी इथं दिसायचीच. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे शेंद्र्यात स्कोडा आली. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या लोकांनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली. गाड्या बनवणारं आणि गाड्यांचं वेड असणारं हे शहर. माझ्या कॉलेजच्या दिवसांत टू-स्ट्रोक स्कूटरी आणि रिक्षा पेट्रोलसोबत ऑइलही जाळायच्या. सिग्नल सुटला की चौकात निळसर धूर दाटायचा. आम्ही रुमाल नाकाला लावायचो आणि कुणाला दोष न देता पुढे जायचो.

मग घरी मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर पीयूसी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतली ही तपासणी. पंपावरचा मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालायचा, यंत्र आकडा दाखवायचं, कागद हातात. गाडीच्या धुराबद्दल बाहेरचं कुणीतरी जाब विचारतंय, हे आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा घडलं. त्याच काळात पेट्रोलही बदलत होतं. पूर्वी त्यात शिसं असे. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. सायलेन्सरच्या वाटेत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशानं निकामी होतो, त्यामुळे आधी शिसं जाणं भागच होतं.

या साऱ्याची सुरुवात फार लांब, लॉस एंजेलिसमध्ये झाली. आरी हागेन-स्मिट नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ तिथं अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. शहरावर डोळे चुरचुरवणारं धुरकं यायचं, त्यात काय असतं हे शोधायला त्यांनी तीच साधनं वापरली. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांचा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा धूर उन्हात मिसळून हे धुरकं तयार होतं. १९७५ पासून अमेरिकेतल्या गाड्यांना कन्व्हर्टर लागू लागले. पण कन्व्हर्टर लावला म्हणजे तो दहा वर्षांनीही काम करील, याची खात्री कोण देणार? म्हणून गाडीनंच स्वतःवर नजर ठेवावी, अशी सक्ती आधी कॅलिफोर्नियानं आणि १९९६ पासून सगळ्या अमेरिकेनं केली. आपल्याकडे तिचं पूर्ण रूप बीएस-४ (भारत स्टेज-४) या धुराच्या मानकातल्या गाड्यांना २०१३ च्या एप्रिलपासून लागू झालं. पिवळा दिवा त्या सक्तीचं तोंड आहे.

माझी सध्याची पेट्रोल गाडी २०१४ ची, म्हणजे त्या नियमाच्या पहिल्या पिढीतली. बीएस-४ ची पहिली यादी २०१० मध्ये निघाली तेव्हा तिच्या तेरा शहरांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होतं, आमचं शहर नव्हतं. सगळ्या देशात ते मानक २०१७ च्या एप्रिलमध्ये आलं. बीएस-३ च्या पेट्रोलमध्ये दर दहा लाख भागांत १५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आता बीएस-६ मध्ये १०. गंधकानं कन्व्हर्टरचं काम मंदावतं. जुन्या गाडीचं आजारपण बघताना तिनं लहानपणी काय खाल्लं, हेही विचारावं लागतं.

तर या गाडीत तो दिवा लागला. किल्ली फिरवल्यावर तो लागायचाच, बल्ब शाबूत आहे हे दाखवायला, आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. या वेळी विझला नाही. पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातला बिघाडाचा कोड पुसून दिला. काही दिवसांनी दिवा परत आला, आणि यायचाच होता. असा बिघाड लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसला तरच संगणक दिवा लावतो, त्यामुळे पुसल्यावर तो लगेच येत नाही आणि गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं. दुसऱ्या ठिकाणी कोड सांगितला, पी-०४२०, आणि त्याच दमात कन्व्हर्टर बदलायला लागेल म्हणाले. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, म्हणून किंमतही तशीच.

क्रांती चौकातून सिल्लेखान्याकडे वळल्यावर एका गल्लीत एक वयस्क मिस्तरी आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी दोन्हीकडची हकीकत सांगितल्यावर ते म्हणाले, "कोड पुर्जे का नाम नई बताता साब, शिकायत बताता." सगळं निदान या एका वाक्यात आलं.

तक्रार काय होती ते त्यांनी स्कॅनरच्या पडद्यावर दाखवलं. कन्व्हर्टरच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो, मागे एक. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. संगणक हे प्रमाण सतत किंचित कमी-जास्त करत राहतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरची रेघ ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होते. निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागच्या सेन्सरची रेघ जवळजवळ सरळ राहते. माझ्या गाडीत मागची रेघही पुढचीसारखीच नाचत होती. पी-०४२० चा अर्थ एवढाच. ती का नाचते, हे कोड सांगत नाही. कन्व्हर्टर खरंच थकलेला असेल, सेन्सर बिघडलेला असेल, किंवा मधल्या पाइपातून बाहेरची हवा आत शिरत असेल.

चाचांनी आधी बाकीचं निस्तरलं. प्लग नीट पेटतायत, मिसफायर नाही. संगणक पेट्रोल किती वाढवतोय तेही बघितलं. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या गाडीच्या संगणकाला पेट्रोल थोडं वाढवून द्यावं लागतं. तो आकडाही मर्यादेत होता. मग त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना बोलावलं. गाडी खड्ड्यावर घेतली, पोऱ्याला सायलेन्सरच्या तोंडावर ओला फडका दाबायला सांगितलं आणि स्वतः खाली उतरले. फट्‌फट् असा बारीक आवाज आला. मागच्या सेन्सरच्या अलीकडे, पाइपाच्या फ्लँजवर काजळीची काळी रेघ उमटली होती. पॅकिंग जळालं होतं. दर झटक्यामागोमाग तिथून थोडी हवा आत ओढली जात होती आणि मागचा सेन्सर तिलाच कन्व्हर्टरचा दोष समजत होता. नवं पॅकिंग, नवे बोल्ट. इंजिन तापल्यावर पडद्यावरची मागची रेघ नाचायची थांबली आणि सरळ झाली. कन्व्हर्टरच्या किमतीपुढे बिल नगण्य होतं. त्यानंतर दिवा लागलेला नाही.

मधल्या काळात, दिवा पेटलेला असताना, गाडीची पीयूसी झाली आणि ती पास झाली. यात लबाडी काही नव्हती. त्या तपासणीत गाडी जागेवर उभी असते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत. वर्षातून एकदा काही मिनिटांची ही परीक्षा. दिवा मात्र रोज, चालत्या गाडीत बघतो. कागद आणि दिवा यांचं जुळलं नाही, तर मी दिव्यावर विश्वास ठेवीन.

गल्लीत दुसराही एक इलाज मिळतो, तोही स्वस्तात. मागच्या सेन्सरखाली एक छोटी नळी बसवतात, तिला स्पेसर म्हणतात. सेन्सर धुरापासून जरा लांब जातो, त्याची रेघ सरळ होते आणि दिवा विझतो. काही जण कन्व्हर्टरच्या आतली जाळीच काढून टाकतात. "गाडी तर मस्त चालते" हे त्यामागचं समर्थन, आणि ते खोटं नाही. गाडी मस्तच चालते, कारण हा बिघाड मुळात गाडीतल्या माणसाला जाणवणाराच नव्हे.

क्रांती चौकात आता वरून उड्डाणपूल जातो आणि खाली २०२२ मध्ये उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा नवा पुतळा आहे. आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायला लोक इथंच जमतात. ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा क्रांती मोर्चा इथूनच निघाला होता. पण सिग्नलला थांबलेल्या गाड्यांचा धूर इथं रोज घेणारी माणसं, रिक्षावाले, हातगाडीवाले, पोलीस, त्यासाठी कधी मोर्चा काढत नाहीत. केंद्रानं २०१९ मध्ये स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या प्रदूषित शहरांच्या यादीत आमचं शहर आहे. चौकातल्या या माणसांच्या वतीनं गाडीच्या आत बोलणारं कुणी असेल, तर हा दिवा.

म्हणून तुमच्या जुन्या गाडीत तो लागला तर घाबरू नका आणि त्यावर चिकटपट्टीही लावू नका. तो लुकलुकत असेल तर मिसफायर मोठा आहे, जळायचं राहिलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय. लगेच वेग कमी करा आणि गाडी बाजूला घ्या. स्थिर असेल तर मिस्तरीला आधी कोड विचारा, मग दोन्ही सेन्सरच्या रेघा दाखवायला सांगा, आणि महागडा पुर्जा बदलण्याआधी थंड इंजिनावर गळती तपासून घ्या. पैसे बिघाड काढण्याचे द्या, दिवा विझवण्याचे देऊ नका.