अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट

परदेशी मासिकांत दर ऑक्टोबरला एक लेख हमखास असतो. लंडनची नोकरी सोडून फ्रान्सच्या खेड्यात दगडी घर घेतलेलं एखादं जोडपं. खिडकीबाहेर लालपिवळी झाडं, द्राक्षांचा हंगाम, घरात शेकोटी, टेबलावर चीज. ऑफिसच्या लंच-ब्रेकमध्ये असले लेख वाचून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उसासा टाकलाय. मी तो अजूनही टाकते, फक्त आता फैजपूरजवळच्या एका केळीच्या गावात, पंख्याखाली बसून. लाइट असेल तर पंख्याखाली!

हा माझा इथला तिसरा ऑक्टोबर. नवरा ठिबक सिंचनाच्या कामात आहे, त्याची सगळी फिरती यावल-रावेर पट्ट्यात. मी पुण्याची, मास कम्युनिकेशन करून फ्रीलान्स लिहिणारी. म्हणजे लॅपटॉप उघडेल तिथे माझं ऑफिस. निघताना मैत्रिणींनी पार्टी दिली तेव्हा एकीने विचारलं होतं, ‘‘खानदेश म्हणजे विदर्भातच ना?’’ हसू नका. नकाशावर यावल पटकन दाखवा बघू! मलाही तेव्हा येत नव्हतं. वर सातपुडा, खाली तापी आणि मधे काळ्या मातीचा हिरवागार पट्टा. फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, एवढं एक वाक्य शाळेच्या पुस्तकातून आठवत होतं. बस्स.

तर इथला शरद. कवींनी शरदाचं चांदणं फार रंगवलंय, पण दुपारी दोन वाजता कवी कुठे असायचे कोण जाणे! पाऊस परत फिरला की ऊन पुन्हा चढतं. केळीच्या बागांत पाणी मुरलेलं, त्यामुळे हवा दमट आणि डास फुल फॉर्मात. शेतीच्या पंपांना लाइट बऱ्याचदा रात्रीची. मग दीड-दोनला गल्लीत बॅटऱ्या चमकतात, मोटरसायकली सुरू होतात आणि अख्खी गल्ली मोटार चालू करायला शेतात जाते. पहिल्या वर्षी मला वाटलं चोर आले. आता त्या आवाजात मी कूस बदलून झोपते.

पुण्यात सकाळ सेन्सेक्सने सुरू होते, इथे बऱ्हाणपूरच्या भावाने. तिथे केळी कितीला गेली यावर चहाच्या टपरीचा मूड ठरतो. आणि याच दिवसांत ‘कांदेबाग’ लागते. जूनच्या आसपास लावतात ती मृगबाग, पावसाळा सरता सरता लावतात ती कांदेबाग. टिश्यू कल्चरची रोपं असली तर अकरा-बारा महिन्यांनी घड कापायला येतो. भाड्याच्या घराचं ॲग्रीमेंटही अकराच महिन्यांचं. आमचं नेमकं ऑक्टोबरात संपतं. त्यामुळे घरामागच्या तुकड्यात रोपं लागायला लागली की घरमालकीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहतात. गाव त्यांना मोठी माय म्हणतं, आम्हीही.

‘‘काय वं माय, कधी जाऊ राह्यली घरी?’’

पहिल्या वर्षी हा प्रश्न मला टोचला होता. निघा म्हणतायत की काय? नंतर कळलं, इथे कुणालाही हे विचारतात. सून माहेरी निघाली तरी, मुलगा हॉस्टेलवरून आला तरी. त्यांची बोली समजायलाच मला सहा महिने लागले. लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया. एकदा मोठी मायने सांगितलं, ‘‘ते कायं मडकं आन.’’ मी ‘कुठलं’ विचारत तासभर फिरले. काळं मडकं समोरच होतं!

यंदा मात्र तिचा प्रश्न खरोखर टोचतो, कारण उत्तर आमच्याकडे नाही. नवऱ्याला पुण्यात बदली मिळू शकते. फ्लॅट, मल्टिप्लेक्स, आईचा डबा, चोवीस तास लाइट. दोघंही रोज रात्री याच विषयावर येतो आणि रोज झोपून जातो.

मधे एका फीचरसाठी मी कापूस वेचायला गेले. केळीला पुरेल एवढं पाणी नसतं तिथे कपाशी असते, आणि दसऱ्याच्या आगेमागे पहिली वेचणी लागते. बायकांनी मला कमरेला ओटी बांधून दिली. कापूस काढायचा म्हणजे काय, मऊ काम, असं वाटत होतं. बोंडाच्या सुकलेल्या टरफलाची टोकं बोटांत घुसतात, ऊन मानेवर, आणि मधेच एक सर आली तर वेचलेला-न वेचलेला सगळा माल डागाळणार ही धास्ती. तीन तासांत माझी ओटी जेमतेम अर्धी भरली. मजुरी किलोवर असते. माझ्या त्या दिवसाच्या कमाईत पुण्यात एक कॉफीसुद्धा आली नसती.

माझ्या शेजारच्या ओळीत सातपुड्यातून आलेली एक बारेला बाई होती. नवरा, दोन मुलं, बांधावर ताडपत्रीची झोपडी. वेचणी संपेपर्यंत मुक्काम. तीही बाहेरची, मीही बाहेरची. तिनेही मला तेच विचारलं, घर कुठे, कधी जाणार. गावात मी ‘मॅडम’ आहे आणि ती ‘मजूर’. आम्ही गावात ‘राहायला’ आलो असं लोक म्हणतात, ते लोक ‘कामाला’ आले. तीन वर्षांत त्यांच्या झोपडीपाशी कुणी ॲग्रीमेंट घेऊन गेल्याचं मी पाहिलेलं नाही. माझ्या फीचरमध्ये ही ओळ बसली नाही, म्हणून इथे लिहितेय.

कामाला येऊन राहून गेलेला इथला सगळ्यात फेमस माणूस म्हणजे रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये हा इंग्रज लष्करी अधिकारी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवला गेला. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आपण असतो तर पहिल्या बोटीने घरी गेलो असतो. तो राहिला. त्याची पारो १८५६ मध्ये गेली, तिची कबर अजिंठा गावात आहे. तो १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला. पुण्याची गाडी पकडायला भुसावळला गेले होते, तेव्हा वेळ काढून ती पाहून आले. गाडी अर्थातच लेट होती.

भाद्रपदी पौर्णिमेला गल्लीतल्या मुलींनी भुलाबाई बसवली. शंकर-पार्वतीची मातीची जोडी, रोज संध्याकाळी गाणी, महिनाभर, थेट कोजागिरीपर्यंत. गाण्यांत सगळं सासर-माहेर. आणि शेवटी धमाल म्हणजे खाऊ ओळखायचा. डबा झाकलेला, तो हलवून दाखवायचा, मुली नावं घेत सुटतात. ओळखल्याशिवाय उघडायचा नाही! पहिल्या वर्षी मी डबा पुढे केला आणि एकीने तो हलायच्या आधीच सांगितलं, ‘‘पुण्याची काकू, म्हणजे बाकरवडी.’’ एका सेकंदात आउट. दुसऱ्या वर्षी आंबा बर्फी. तीही गेली.

यंदा कोजागिरीला अंगणात दूध आटत होतं, मोठी माय खाटेवर बसली होती. मी डबा हलवला. खडखड आवाज.

‘‘बाकरवडी!’’ नाही. ‘‘चिवडा!’’ नाही. ‘‘बिस्किटं!’’ नाही. मग पुण्यातल्या ज्या ज्या दुकानांची नावं त्यांना माहीत होती ती सगळी आली. दहा मिनिटं झाली. मुली चिडल्या, मोठी माय हसायला लागली. तिला माहीत होतं. मी झाकण काढलं.

तळलेले बिबडे. ज्वारीचे. मेच्या उन्हात गच्चीवर मोठी मायच्या हाताखाली घातलेले. माझे अर्धे फाटले होते, तेही यात होते.

सगळ्यात धाकटीने एक उचलला, मोडला, माझ्याकडे पाहिलं. इथला मे म्हणजे पंचेचाळीसच्या घरातला. ज्यांना जमतं ते बाहेरगावी पळतात.

‘‘म्हणजे तू उन्हाळ्यात इथंच होती?’’

‘‘इथंच होते.’’

‘‘मग आधी सांगायचं ना!’’ ती म्हणाली आणि अजून दोन उचलून पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागच्या तुकड्यात रोपांचं ट्रॅक्टर लागलं. नवरा स्टॅम्पपेपर आणायला फैजपूरला गेला. लाइट नव्हती.