सराफ्यातला अमृतमहोत्सव

इंदूरला पाहुणा म्हणून जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करूनच गाडीत बसावे. यजमानाच्या घरी निजायला गादी मिळेल, आंघोळीला कढत पाणी मिळेल, पहिला चहाही मिळेल. पोटाची बाकी सारी व्यवस्था मात्र घराबाहेर व्हायची आहे. यजमानीणबाईंच्या अगत्यात काही उणे आहे असे कृपा करून समजू नये. पाहुण्याला नुसत्या घरच्या वरणभातावर परत पाठवणे, हेच तिकडे उणेपणाचे मानतात.

माझी मावशी लग्न होऊन इंदूरला गेली त्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. जानेवारीत तिला पंचाहत्तर पूर्ण व्हायची होती आणि घरात अमृतमहोत्सवाचे घाटत होते. आम्हांला दोन दिवस आधीच येण्याचा आग्रह झाला. मराठीचा मास्तर हाताशी असला की मानपत्र फुकटात लिहून होते, हा हिशेब त्या आग्रहामागे असावा. ते काही असो. मी, सौभाग्यवती आणि कन्या असे तिघे मुंबई सेंट्रलवर संध्याकाळच्या अवंतिका एक्स्प्रेसमध्ये बसलो आणि सकाळी इंदूरच्या फलाटावर उतरलो. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, घ्यायला आला होता. त्याने सामान गाडीत टाकले आणि आम्हांला घरी न नेता थेट पोह्यांच्या दुकानासमोर उभे केले.

पोहे आपण खात नाही असे थोडेच आहे? पण आपले पोहे कढईत परतलेले, गृहिणीच्या हातचे. तिकडचे पोहे वाफेवरचे. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मोठी परात, तीत पिवळ्याधमक पोह्यांचा डोंगर, त्यात बडीशेप. त्यावर शेव, कच्चा कांदा, लिंबू, डाळिंबाचे चार दाणे आणि वरून ‘जीरावण’ नावाच्या मसाल्याची धूळ. शेजारी गरम जिलबी. तिखट जिभेवर असतानाच गोडाचा तुकडा मोडायचा, हा तिथला शिरस्ता. कोणी वर झणझणीत उसळ ओतून घेतात. होळकरांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक अशी मराठी बिऱ्हाडे अठराव्या शतकापासून माळव्यात गेली, आणि पोहेही त्यांच्याच शिदोरीतून गेले, असे तिथली मराठी माणसे अभिमानाने सांगतात. शिदोरी आपली खरी. पण बडीशेप आणि जिलबी माळव्याची. मावशीच्या मराठीचेही तसेच झाले आहे. “पाहुणे येऊन राहिले” असे ती म्हणते, तेव्हा वर्गात लाल शाईने खूण करणारा माझा हात खिशातच राहतो. जेवणाला बडीशेप चालते, तर भाषेला का चालू नये?

चहा झाला आणि जागेचा प्रश्न निघाला. दादाने यादीच केली होती. पहिले एक मोठे हॉटेल: थंडगार दालन, खुर्च्यांना पांढरी वस्त्रे नेसवलेली, ताटागणिक दर आणि किमान शंभर ताटांची अट. आम्ही लहानमोठे धरून बावीस. दुसरे, शहराबाहेरच्या रस्त्यावरचे ‘गार्डन’. लग्नसराईत तिथे हजारोंच्या पंगती उठतात. त्या हिरवळीवर आमची बावीस डोकी चुकलेल्या शेळ्यांसारखी दिसली असती. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. हा नियम देशभर आहे आणि योग्यच आहे, पण पुतण्याच्या मते दहा वाजता संपणाऱ्या समारंभाला समारंभ म्हणतच नाहीत. तिसरा एका मंडळाचा हॉल. भाडे माफक, स्वयंपाकी ओळखीचा, मात्र जिना दोन मजल्यांचा आणि मावशीचे गुडघे दोन वर्षांपासून संपावर गेलेले.

मुलांना ‘छप्पन दुकान’ हवे होते. न्यू पलासिया भागात एका रांगेत छप्पन दुकाने, म्हणून हे नाव. आता तिथे वाहनांना मज्जाव आहे, बसायला बाके आहेत आणि जमीन तर अशी स्वच्छ, की कागद टाकायला हात धजत नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंतच्या स्वच्छता सर्वेक्षणांत या शहराने सलग ७ वेळा देशात पहिला क्रमांक घेतला, हे तिथे पटते. कन्येने तिथे एका बैठकीत चार दुकाने पालथी घातली. मला जागा आवडली. पण तिथे वाढदिवसांचे इतके केक एकाच वेळी कापले जात होते, की कोणाच्या टाळ्या कोणासाठी हे कळेना.

पुतण्याने हळूच दुसऱ्या पेयांचाही विषय काढला. मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांना जोडलेले पिण्याचे ‘अहाते’ २०२३ मध्ये बंद झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, महेश्वर अशा १९ धार्मिक ठिकाणी विक्रीही बंद झाली. इंदूरला ती बंदी नाही. हॉटेलांत सारे मिळते. पण आजीच्या पंचाहत्तरीला मिळते म्हणून घ्यायचे काय, असे वहिनींनी एका नजरेत विचारले आणि विषय मिटला.

तोवर मावशी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “चौकशी साऱ्या जगाची करून राहिलात, माझी नाही. वाढदिवस कोणाचा? मग मला सराफ्यात घेऊन चला.”

क्षणभर कोणी बोलेना. मग वहिनी म्हणाल्या, “आई, अहो थंडी किती आहे, गर्दी किती, आणि तुमचे गुडघे?” दादा म्हणाला, “आई, तिथे धड उभं राहायला जागा नसते.” मावशीने वात वळून पूर्ण केली. “उभं राहायला नसेल. बसायला आहे. ओटे आहेत की.”

सराफा म्हणजे राजवाड्यामागची सोन्याचांदीची पेठ. दिवसा तिथे तोळ्यांचे आणि रतींचे व्यवहार चालतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास सराफ दुकानाची फळी लावतात आणि त्याच फळीपुढे कढया पेटतात. मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत पेठ जागी. रात्री वर्दळ राहिली तर दुकानांना आपोआप राखण होईल, म्हणून जुन्या सराफांनीच या खाद्यवाल्यांना बसू दिले, असे तिथे सांगतात. एकाचे सोने सांभाळले जावे आणि दुसऱ्याची चूल पेटावी, असा बिनकागदाचा करार! पण आता तो विरू लागला आहे. गाड्या वाढल्या, गॅसच्या टाक्या वाढल्या, नूडल्स आणि मोमो आले. अरुंद गल्लीत आग लागली तर काय, असे सराफ विचारतात, आणि तो प्रश्न खोटा नाही. २०२५ मध्ये ही चौपाटी इथून हलवा अशी त्यांची मागणी जोरात पुढे आली; जुनी, पारंपरिक पदार्थांची दुकाने ठेवून बाकीची कमी करावीत, असा मध्यम मार्गही निघाला. मला तो मार्ग बरा वाटतो. मोमो कुठेही मिळतील.

अखेर मावशीचा हट्ट राहिला. मधला वार निवडला, कारण शनिवार-रविवारी तिथे मुंगीलाही वाट मिळत नाही. दहा वाजता ई-रिक्षाने तिला पेठेच्या तोंडाशी नेले. पुढे एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला मी, मागे पुतण्या घडीची खुर्ची घेऊन. ती खुर्ची उघडावी लागली नाही. दादाच्या ओळखीच्या एका सराफांनी ओट्यावर सतरंजी टाकून ठेवली होती. खाद्यवाल्यांवर ते दहा मिनिटे तावातावाने बोलले, आणि बोलणे संपल्यावर त्यांनीच मावशीसाठी भुट्ट्याचा कीस मागवला.

मक्याचे कणीस किसून, तुपात परतून, दुधात शिजवलेला तो कीस! हिंग-मोहरीची फोडणी, हिरवी मिरची आणि वर ओले खोबरे. नंतर बटाट्याच्या आवरणात खोबऱ्याचे सारण भरलेले खोपरा पॅटिस आले. साबुदाण्याची खिचडीही आली, पण ती मावशीच्या माहेरची नव्हे: वाफेवरचा मोकळा साबुदाणा, त्यात मागणीनुसार मसाला, शेव आणि बटाट्याचा चिवडा मिसळून दिलेला. जोशींचा दहीवडा तर पाहण्याचाही पदार्थ आहे. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच उडवून झेलायचा, थेंब सांडायचा नाही, आणि एकाच चिमटीतून निरनिराळे मसाले एकेक करून सोडायचे. आमच्या बालमंडळींनी तो खेळ तीनदा करवून घेतला. प्यायला शिकंजी. इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. इंदुरात मात्र ती आटीव दुधाची, केशर-जायफळाची, चमच्याने खावी इतकी दाट. कोशकाराने दोन्ही अर्थ द्यावेत.

मावशीला दहीवड्याचा द्रोण दिला, तेव्हा तिने दुसरा चमचा मागितला. वहिनींनी विचारले, “कोणासाठी?” ती म्हणाली, “सवय. यांची गिरणी बंद पडली, पगार थांबला, तरी आम्ही महिन्याला एकदा यायचो. एक दहीवडा, दोन चमचे. घरी सांगायचो, देवळात जाऊन आलो.” दादाला हे ठाऊक नव्हते. तो बराच वेळ समोरच्या कढईकडे पाहत होता. मग त्याने दुसरा चमचा घेतला आणि आईच्या द्रोणात घातला.

मानपत्र माझ्या खिशात होते. ते वाचायला निवांतपणा कुठला? शेजारी जिलबीवाला ताटाएवढा ‘जलेबा’ तळत होता, पलीकडे कोणाच्या तरी लग्नाची वऱ्हाडी मंडळी रबडीवर तुटून पडली होती, आणि मावशी ओट्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्यांना हाका मारून आपले वय सांगत होती. बाराला काही मिनिटे असताना आम्ही उठलो. बावीस माणसांचे पैसे हॉटेलच्या दहा ताटांइतकेही झाले नाहीत, असे दादाने दोनदा सांगितले.

वाचकांपैकी कोणी या सुट्टीत तिकडे जाणार असतील तर एक सूचना. शेवटी आम्ही गराडू खाल्ला. आपल्या कोनफळाच्या गोतातला हा कंद. फोडी तळायच्या, पुन्हा तळून कुरकुरीत करायच्या, वर जीरावण आणि लिंबू. तो थंडीतच मिळतो. दिवाळीच्या दिवसांत जाल तर तो नुकता कुठे दिसू लागलेला असेल. जानेवारीत जावे, आणि अंगावर शाल न विसरता घ्यावी.