ब्रेटफर्टनचं ‘फ्लीस इन’



पब म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता येतो. इंग्लंडच्या खेड्यातला जुना पब तसा नसतो. गावाची ओसरीच म्हणा ना. वुस्टरशरमध्ये ईव्हशमजवळ ब्रेटफर्टन नावाचं गाव आहे. तिथला ‘फ्लीस इन’ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. फ्लीस म्हणजे मेंढीची लोकर.

हे मुळात शेतकऱ्याचं घर. पंधराव्या शतकात बर्ड नावाच्या शेतकऱ्याने बांधलं. एकाच लांब छपराखाली एकीकडे माणसं, दुसरीकडे गुरं. ओक लाकडाचे खांब आणि तुळया एकमेकांत खाचा पाडून बसवायच्या आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या, अशी त्या काळची रीत. लाकूड ओलंच वापरत, मग ते वाळताना थोडं वाकायचं. म्हणून अशा घरांत सरळ रेघ फारशी सापडत नाही. मी नर्स, सांगाडे पुष्कळ पाहिलेत, पण इथे हाडं बाहेरून दिसतात!

खांबांमधल्या जागेत काटक्या विणून त्यावर माती, शेण आणि गवत यांचा लेप देत. आजीआजोबांनो, ओळखलंत ना? आपला कोकणातला कूड! छपराचा एक भाग अजून गवताने शाकारलेला आहे.

मुलांना आवडेल अशी गोष्ट चुलीपाशी आहे. चुलाण्यापुढच्या दगडी फरशीवर पांढरी वर्तुळं काढलेली आहेत. धुराड्यातून चेटकीण घरात उतरू नये म्हणून! आपण दारावर मेझुझा लावतो तो देवाच्या आज्ञेची आठवण म्हणून, हे वेगळं. पण रात्री दार लावताना जिवाला वाटणारी धास्ती सगळीकडे सारखीच.

१८४८ साली घराचा पब झाला, मात्र तो त्याच वंशात राहिला. शेवटची वारस लोला टॅपलिन १९७७ मध्ये वारली आणि जाताना घर नॅशनल ट्रस्टच्या हवाली करून गेली. आपल्यातल्या कितीतरी जणांनी निघताना किल्ल्या शेजाऱ्यांकडे दिल्या. ती घरं आज उभी आहेत की पडली, कोण सांगणार? लोलाबाईंनी नीट विचार केला होता. आतलं सामानही जागच्या जागी राहिलं. जस्तासारखी दिसणारी प्यूटरची जुनी ताटं फळ्यांवर ओळीने मांडलेली आहेत. ती क्रॉमवेलने दिली असं तिथे सांगतात. खरंखोटं देव जाणे.

फेब्रुवारी २००४ मध्ये छपराच्या गवताला आग लागली. वरचा भाग जळाला, पण ताटं बाहेर काढून वाचवली. मग जुन्या पद्धतीनेच दुरुस्ती करून २००५ साली पब पुन्हा उघडला.

आणि हो, लोलाबाईंची आणखी एक अट होती म्हणतात. इथे बटाट्याचे वेफर्स कधी विकायचे नाहीत! तेव्हा मुलांनो, गेलात तर वेफर्स बसमध्येच खाऊन घ्या.