काकपद

चिठ्ठी पाठकोऱ्या कागदाची आहे. मागच्या बाजूला कुठल्यातरी कादंबरीच्या प्रूफाचं पान, पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात एकच ओळ: ३.२.०-२३-जेनेरिक. ओळीच्या शेवटी लाल शाईत काकपद, आणि त्याच्या डोक्यावर तीन अक्षरं: पीएई. लाल पेन माझंच. खूण मात्र मी केलेली नाही.

मी मुद्रितशोधक. लोकांच्या राहिलेल्या वेलांट्या आणि उडालेले अनुस्वार शोधण्यात पंचवीस वर्षं गेली. त्या चिठ्ठीत मी तीन अक्षरं गाळली होती आणि त्यापायी एका पासष्टी उलटलेल्या माणसाला डिसेंबरच्या थंडीत रात्री साडेनऊला सायकलवरून परत घरी जावं लागलं होतं.

२०१३ च्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्यानं लिनक्स घातलं. आधीच्या विंडोज एक्सपीचे अपडेट पुढच्या एप्रिलात थांबणारच होते आणि माझ्या मशीनमध्ये व्हायरस तर पाहुण्यासारखे मुक्कामाला होते. त्यानं उबुंटू १२.०४ बसवलं, मराठी फॉन्ट दिसतायत ना ते दाखवलं, नखाएवढा वायफायचा डोंगल हातात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, वरच्या माईंच्या वायफायचा पासवर्ड घे आणि हा खोच. झालं." दोन दिवस नेट छान चाललं. भाऊबीज आटोपून तो गेला आणि नेटही गेलं. मग कळलं, ते दोन दिवस त्याचा मोबाइल वायरनं मशीनला जोडलेला होता आणि नेट येत होतं ते त्यातून. डोंगल नुसताच खोचलेला होता. त्याचा दिवा कधी लागलाच नव्हता, आणि तो लागायला हवा हे मला ठाऊक नव्हतं.

फोन केला की भाचा सांगायचा, "नेटवरून एक पॅकेज उतरवून घे, मग नेट येईल." विहिरीत पडलेला पोहरा काढायला गळ हवा, आणि गळही विहिरीतच. दीड महिना मी स्टेशनजवळच्या कॅफेत तासाला वीस रुपये मोजून प्रूफं उतरवत होते.

लाइनकाका भेटले गिरणीत. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, आमच्या मिरजेत सतारमेकर गल्लीच्या मागच्या बोळात राहणारे. त्यांच्या वाटेवर सतारींचे भोपळे वाळत टांगलेले असायचे आणि ते त्यातून डोकं वाकवून सायकल हातात धरून यायचे. निवृत्तीनंतर त्यांनी घरी लिनक्स घातलं होतं. का, तर "फुकट आहे आणि उघडून बघता येतं." त्यातलं दुसरं कारण त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे. दळणाच्या रांगेत माझी रड ऐकून त्यांनी एकच विचारलं, "आतली तार कुठं तुटलीय, बघितलं का?"

"काका, त्याला तार नसतेच. वायरलेस आहे ते."

"असते हो," म्हणाले. "येतो संध्याकाळी."

आले. खुर्ची माझ्या शेजारी ओढली, हात मांडीवर ठेवले. कीबोर्ड पुढं केला तर मागं सारला. "मशीन तुमचं, हात तुमचे. मी उद्या नसलो तर?" त्या तीन संध्याकाळींत त्यांनी एकदाही कळ दाबली नाही. मी एका बोटानं इंग्रजी टाइप करायची, चुकायची, पुन्हा करायची. ते भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत बसायचे. कुणी चुकत असताना दुसरीकडे बघणं हा एक गुण आहे, आणि माझ्या धंद्यात तो मला कधी जमलेला नाही.

त्यांची पद्धत खांबावरची होती. लाइन बंद पडली की लाइनमन सगळी तार चालत बघत नाही. मधल्या खांबावर चढायचं, हातातला फोन तारेला लावायचा आणि एक्स्चेंजचा टोन येतोय का ऐकायचं. आला तर दोष पुढं, नाही आला तर मागं. मग उरलेल्या निम्म्यात पुन्हा मधला खांब. "तसंच आता," ते म्हणाले. "लिहा, एलएसयूएसबी."

पडद्यावर पाच-सहा ओळी आल्या. डोंगल काढून पुन्हा तीच आज्ञा द्यायला लावली, एक ओळ कमी झाली. खोचल्यावर परत आली. गेलेली-आलेली ती ओळ म्हणजे आपला डोंगल. त्या ओळीत एक जोडनंबर होता, ०बीडीए:८१७९. पहिली चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची, पुढची चार मालाची. खोक्यावरचं नाव विसरायचं, हा नंबर धरायचा. कारण खोक्यावर एका कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'आवृत्ती २' छापलेलं होतं. नाव तेच, आकार तोच, आतली चिप बदललेली. पहिल्या आवृत्तीचा डोंगल माझ्या उबुंटूत खोचल्या खोचल्या चालला असता. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर बदलून मुखपृष्ठ तेच ठेवणारे प्रकाशक मला माहीत होते, त्यामुळं हे चटकन समजलं.

"म्हणजे खोबणीपर्यंत टोन आहे. आता पुढचा खांब. डीमेसेज."

इथं खूप ओळी आल्या, पण वाचायच्या फक्त शेवटच्या. नवीन यूएसबी उपकरण सापडलं, एवढं कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, लिहिलं होतं आणि पुढं काही नाही. हाक ऐकली, ओ दिली नाही. मग आयडब्ल्यूकॉन्फिग. मशीनमधल्या प्रत्येक जोडणीपुढं एकच शेरा होता, हिच्यात वायरलेस नाही. काकांनी मांडीवर थाप मारली. "सापडली तार. डोंगल ठीक, खोबण ठीक, माईंचा पासवर्ड तर अजून लांब आहे. मधला दुभाष्या नाही." दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. माझ्या उबुंटूतला ३.२ कर्नल जानेवारी २०१२ चा. ही चिप त्याच्या ओळखीचीच नव्हती.

ड्रायव्हर होता, पण आयता नाही. त्याचा कोड उतरवून आपल्याच मशीनवर बांधून घ्यावा लागणार होता, आणि तोही ज्या कर्नलवर चालवायचा नेमक्या त्याच्या मापानं. त्यासाठी हेडर म्हणून फायली लागतात. त्या कर्नलच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळाव्या लागतात. "युनेम, जागा, उणे चिन्ह, आर. जे येईल ते जसंच्या तसं कागदावर उतरवा," काका म्हणाले. मी टेबलावरचं एक पाठकोरं पान ओढलं.

त्याच वेळी त्यांची नजर प्रूफांवर गेली. लाल खुणा बघून त्यांनी एकेकीचा अर्थ विचारला. मी सांगितलं, हे काढा, हे जोडा, हे जागा बदला. "आणि हे उलटं घरटं?" म्हटलं, ते काकपद. ओळीत काही राहिलं असेल तर तिथं ही खूण करून राहिलेलं वर लिहायचं. काक म्हणजे कावळा, त्याच्या पायासारखी दिसते म्हणून. ते खूप वेळ हसत राहिले. "काकपद म्हणजे काकांचाच पाय की हो."

दुसऱ्या संध्याकाळी ते पेनड्राइव्हवर सगळं घेऊन आले. हेडर बसले, कुरकुर नाही. ड्रायव्हरच्या फोल्डरात शिरून मी 'मेक' लिहिलं आणि एंटर दाबलं. एका ओळीत काम थांबलं: ३.२.०-२३-जेनेरिक-पीएई या नावाच्या फोल्डरात बिल्ड नावाचं काही नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. मग चिठ्ठी बघितली. मग कानशिलं तापली.

पीएई ही शेपटी मी गाळली होती. बत्तीस बिटांच्या मशीनला चार जीबीच्या पलीकडची मेमरी वापरता यावी म्हणून केलेल्या कर्नलला ती असते. आदल्या संध्याकाळी मला ते कंपनीचं काहीतरी उगीच लावलेलं वाटलं असावं. खरं सांगायचं तर काही वाटलंच नव्हतं, डोळा घसरला होता. शेपटी नसलेलाही कर्नल उबुंटूत होताच, त्यामुळं त्याचे हेडर मिळाले आणि बसलेही. गाळलेलं अक्षर दुसराच अर्थपूर्ण शब्द तयार करतं तेव्हाच चूक सगळ्यांत उशिरा सापडते, हे मी नवशिक्या मुलींना शिकवत आले होते.

काका काही बोलले नाहीत. टेबलावरचं लाल पेन उचललं, चिठ्ठी पुढं ओढली, जेनेरिकच्या पुढं जरा वेडंवाकडं काकपद केलं आणि वर तीन अक्षरं लिहिली. मग मफलर गुंडाळला. "उद्या या हो काका," मी म्हणत होते. "आता टोन जवळ आलाय," एवढंच म्हणून सायकल काढली. ते घरून बरोबर हेडर घेऊन परत येईपर्यंत मी चहा टाकला, उतू घालवला, पुन्हा टाकला.

दहा वाजून गेल्यावर मेकच्या ओळी एकामागून एक सरकायला लागल्या. काही इशारे आले. काका म्हणाले, इशाऱ्यांना घाबरायचं नाही, चुकीला थांबायचं. मग ड्रायव्हर बसवला, डोंगल काढून पुन्हा खोचला. दिवा लागला. लुकलुकायला लागला. गल्लीतली सहा-सात वायफायं यादीत आली, त्यात माईंचं सगळ्यांत खाली, एका रेघेचं. वाड्याची भिंत दीड हात जाडीची, माती-दगडाची. त्या भिंतीतून डोंगलला काय ऐकू येणार? तिसऱ्या संध्याकाळी काका यूएसबीची लांब वायर घेऊन आले आणि डोंगल खिडकीच्या वरच्या खुंटीला टांगला, जिथं पूर्वी वडिलांची टोपी असायची. तीन रेघा आल्या. निदान शेवटी तरी एक तार जोडायला मिळाली याचा त्यांना फार आनंद झाला होता.

जानेवारीत अपडेट आला. मशीन पुन्हा सुरू केलं तर दिवा गेलेला. युनेमनं दाखवलं, कर्नल आता २३ चा नाही, ५८ चा आहे. नव्या मापाचे कपडे पुन्हा शिवायला हवेत. या वेळी मी तीन अक्षरंही मोजून उतरवली, कॅफेतून हेडर आणले आणि एकटीनं मेक केलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत अभिमानानं सांगितलं, तर काकांचा चेहरा जरा उतरला. "मला सांगायचं नाही का?" म्हणाले. उद्या मी नसलो तर, हे त्यांनी म्हटलं होतं खरं, पण इतक्या लवकर नव्हे.

एप्रिलात १४.०४ आलं आणि ते घातल्यावर डोंगल आपोआप चालला. तो ड्रायव्हर कर्नलमध्येच आला होता, २०१३ च्या शेवटी निघालेल्या ३.१२ पासून.

ज्या कोडातून आम्ही तो बांधला होता, त्याच्यावर फिंगर असं नाव होतं. मला तो बोटांशी संबंधित काहीतरी शब्द वाटला होता. काकांना वाटलं, आज्ञा असेल, कारण युनिक्समध्ये त्या नावाची आज्ञा खरोखरच आहे. ते एका माणसाचं आडनाव होतं हे मला कळलं जून २०२४ मध्ये, तो माणूस गेल्याची बातमी वाचली तेव्हा. लॅरी फिंगर, अमेरिकेतले. मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ. क्ष-किरणांनी खनिजांची आतली रचना बघण्यात त्यांची नोकरी गेली, वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत. एल साल्वादोरमधल्या इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या तांबं आणि व्हॅनेडियमच्या एका खनिजाला त्यांच्यावरून फिंगराइट नाव दिलेलं आहे. निवृत्तीच्या वयात त्यांनी वायफायच्या ड्रायव्हरांचं काम धरलं आणि ते शेवटपर्यंत केलं. चिप बनवणाऱ्याचा कोड घ्यायचा, तो घासायचा, कर्नलच्या शिस्तीत बसवायचा, कर्नल बदलला की पुन्हा घासायचा. हे प्रूफ वाचण्यासारखंच काम आहे. नीट झालं तर कुणाला दिसत नाही.

हे सांगायला मी उठले, आणि काकांना जाऊन दोन वर्षं झाली हे उठल्यावर आठवलं.

काकांनी माझ्याकडून एकदाच काही घेतलं. २०१५ च्या उन्हाळ्यात नातीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायच्या आधी वाचून घ्यायला आले. खुर्चीत बसले, हात मांडीवर. मी वाचायला लागल्यावर कॅलेंडराकडे बघत राहिले. चौदा ओळींत सात चुका निघाल्या. 'चि. सौ. कां.' मधल्या 'कां'वरचा अनुस्वार गेलेला, व्याह्यांच्या गावाची वेलांटी उलटी, आणि मुहूर्ताच्या वेळेत पाच मिनिटं राहिलेली. तिथं मी काकपद केलं. ते बघून हसले आणि खिशातून पाकीट काढलं.

"हे काय काका?"

"मजुरी."

"तुम्ही घेतली होती का? तीन संध्याकाळ आला होता, रात्री परत घरी गेला होता..."

"मी कुठं काय केलं? हात तुमचे होते," म्हणाले. "इथं हात पण तुमचेच आहेत."

पन्नासाची नोट प्रूफांवर ठेवली, उडू नये म्हणून वर लाल पेन ठेवलं, आणि गेले. मला रागच आला होता. ती नोट जपून वगैरे ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाला दिली.