घर इथे, दिवस तिकडे

डोंबिवली पूर्वेला संध्याकाळी स्टेशनातून बाहेर पडलं की निवडलेली मेथी, सोललेले मटार, चिरलेली फरसबी, खवलेला नारळ अशी पाकिटं मांडून बायका बसलेल्या असतात. थोडं पुढे गेलं की पोळीभाजी केंद्र. या गावाचा इतिहास लिहायची वेळ माझ्यावर आली तर मी ताम्रपट आणि शिलालेख बाजूला ठेवून इथूनच सुरुवात करीन. ज्या गावात नवराबायको दोघंही सकाळी मुंबई गाठतात आणि दिवेलागणीनंतर परततात, तिथे भाजी निवडायला वेळ कुणाला असणार? तो वेळ विकत मिळायची सोय गावाने करून ठेवली. घरात चूल न पेटवता घरचं जेवण जेवायची ही युक्ती डोंबिवलीकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटतच नाही.

कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ साली पोचली. तेव्हा इथे पाथर्ली, आयरे, नांदिवली, ठाकुर्ली अशी आगरी-कोळ्यांची गावं होती. भातखाचरं होती, उल्हास नदीची खाडी होती. गिरगाव-दादरच्या चाळींत न मावणारी माणसं इकडे यायला लागली ती नंतर. स्टेशनाजवळच्या वस्तीने १९२४ मध्ये गणेश मंदिर उभं केलं. पुढे विहीर, आंबा आणि ओटा असलेल्या वाड्या आल्या, कौलारू चाळी आल्या, मग लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारती. १९६०च्या दशकात एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली. जागा मुंबईपेक्षा स्वस्त होती आणि गाडी थेट बोरीबंदरला जात होती. लोक आले ते एवढ्यासाठीच. संस्कृतीच्या ओढीने इथे कुणी बिऱ्हाड हलवलं, हे नंतर रचलेलं आहे.

पण आल्यावर त्यांनी जे केलं ते मात्र खरंच नवलाचं. घर इथे आणि दिवस तिकडे, अशा माणसांना गाव करायचं असेल तर ते कधी करायचं? उरतात रात्रीचे दोन तास आणि रविवार. डोंबिवलीतल्या शाळा, वाचनालयं, व्याख्यानमाला, गणपती मंडळं, नाट्यसंस्था यांच्या कार्यकारिणीच्या सभा याच उरल्यासुरल्या वेळात झाल्या. दिवसभर कुठल्याशा कचेरीत फायली हाताळणारा माणूस रात्री नऊ वाजता इथे खजिनदार व्हायचा. तिकडे साहेबापुढे मान खाली घालणारा इथे ठरावाला उपसूचना मांडून अर्धा तास भांडायचा. या सभांचे वृत्तांत कमालीच्या नेटक्या अक्षरात लिहिलेले असत. नोकरीत न मिळालेली पदं माणसं इथे भोगत होती, असं कुणी म्हणेल, म्हणू दे. त्यातून शाळा उभ्या राहिल्या.

आणि गाडी. डोंबिवलीचं अर्धं समाजजीवन अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या त्या प्रवासात घडलं. जलद गाडीने तासभर, धीम्या गाडीने त्याहून बरंच जास्त. रोज त्याच गाडीचा तोच डबा पकडणाऱ्यांचे ग्रुप झाले. बसायला मिळावं म्हणून उलटं कल्याणला जाऊन ‘रिटर्न’ येणारे झाले, टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळं झाली. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. बायकांच्या डब्यात डोहाळजेवणंही झाली आहेत. शेजारच्या बिऱ्हाडात काय चाललंय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला चौथ्या सीटवरच्या माणसाच्या मुलाचे बारावीचे मार्क पाठ असतात. या ओळखींना घराचा पत्ता लागत नाही. माणूस निवृत्त झाला की त्या सहसा संपतात, आणि हे मला गाडीच्या गर्दीपेक्षा जास्त क्रूर वाटतं.

गुढीपाडव्याची शोभायात्रा इथल्या गणेश मंदिराने १९९९ मध्ये सुरू केली. आता ती ठाण्यापासून गिरगावापर्यंत सगळीकडे निघते. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर तरुण मुलंमुली नवे कपडे घालून नुसती येऊन उभी राहतात. ठरवून दिलेला असा कार्यक्रम नसतो. बघणं आणि दिसणं, एवढंच काम. वडीलधारे नाकं मुरडतात, पण त्यातल्या कित्येकांची लग्नं याच रस्त्यावर जमलेली असतात.

आता जरा अडचणीचं. ‘सांस्कृतिक नगरी’ म्हणून डोंबिवली स्वतःचं जे चित्र काढते, त्यात फडके रोड, टिळकनगर आणि गणेश मंदिराचा परिसर ठळक असतो; रुळांपलीकडची पश्चिम पुसट, आणि ज्यांच्या भातखाचरांवर हे सगळं उभं आहे ती गावं जवळजवळ चित्राबाहेर. आसपासची सत्तावीस गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. कागदावरची ही ये-जा शहराच्या मनातल्या ये-जेसारखीच होती. म्हणूनच २०१७च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं नव्वदावं अधिवेशन डोंबिवलीत भरलं, तेव्हा मला सर्वांत बोलकी गोष्ट वाटली ती यजमानांची. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे लेखक ज्या गावात राहिले, त्या गावात संमेलन आणलं आगरी यूथ फोरमने. जागा होती वारकरी संत सावळाराम महाराजांच्या नावाचं क्रीडासंकुल आणि संमेलननगरीला नाव भाव्यांचं. वर्षानुवर्षं एकमेकांकडे तिरकं पाहणारी दोन गावं त्या तीन दिवसांत एका मांडवाखाली बसली. मांडव उतरल्यावर ती तशीच राहिली असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

एमआयडीसीबद्दल तर आम्ही बोलतो ते स्फोट झाल्यावरच. २०१४च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२०मध्ये एक रस्ता गुलाबी झाला, त्यावर विनोदच जास्त झाले. २६ मे २०१६ला आणि पुन्हा मे २०२४मध्ये कारखान्यांत स्फोट होऊन माणसं मेली. दोन्ही वेळा भर दिवसा. गावातले बरेचसे लोक तेव्हा गावात नव्हते. घराच्या काचा फुटल्याचं त्यांना फोनवर कळलं. धोकासुद्धा आम्ही परगावी बसून ऐकतो.

सध्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे. एक्कावन्न टक्के संमती जमली की रस्ता मोकळा. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरलेली असते. तरुणांना पार्किंग हवं असतं. गुडघे गेलेल्यांना लिफ्ट हवी असते, आणि ती मागणी शंभर टक्के रास्त आहे. जुन्या जिन्यांवर गहिवरून लिहिणाऱ्यांनी एकदा गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर न्यावा. चटई क्षेत्र, भाडं, कॉर्पस फंड यांवर तावातावाने बोलणं होतं. मग एखाद्या आजी उठतात आणि नव्या इमारतीतही आपल्या भिंतीला भिंत कुलकर्ण्यांचीच मिळेल का, असं विचारतात. हशा पिकतो. बिल्डरचा माणूस नम्रपणे सांगतो की फ्लॅट सोडतीने देणार. सचिव वहीत काहीतरी लिहितात. तेवढ्यात कुणीतरी घड्याळ बघतं, कारण अकरानंतर धीम्या मार्गावर मेगाब्लॉक आहे आणि दोघांना दादरला लग्नाला जायचंय. सभा तहकूब होते. पुढची तारीख ठरवताना सचिव आधी रेल्वेचं वेळापत्रक उघडतात.