पाव इंची राखणदार

गाडीच्या समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या दांड्यांखाली, काळ्या प्लास्टिकची एक खाचांची पट्टी असते. आत बसणाऱ्यांना लागणारी बाहेरची हवा तिथून जाते. पट्टी उचलली की बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर एक चौकोनी तोंड दिसतं. थेट एसीच्या पंख्याकडे जाणारं. त्या तोंडावर ती बसते. पोलादी तारेची, तळहातापेक्षा जरा मोठी जाळी.

तिचं माहेर म्हणजे हार्डवेअरचं दुकान. तिथे ती गुंडाळीत उभी असते आणि फुटावर विकली जाते. कोंबड्यांच्या खुराड्याला, पक्ष्यांच्या पिंजऱ्याला, मोरीच्या तोंडाला लागते तीच ही. गाडीची म्हणून तिला वेगळी जात नाही, की चकचकीत खोका नाही. दुकानदार पत्र्याच्या कात्रीनं तुकडा कापतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि ‘कडा सांभाळा, हाताला लागेल’ एवढं सांगून हाती देतो.

तिचा सगळा स्वभाव तिच्या चौकोनात आहे. पाव इंच, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या जरा वर. या मापाशी तडजोड चालत नाही. जिथून पेन्सिल जाते तिथून लहान घरउंदीरही जातो, कारण एकदा डोकं शिरलं की बाकीचं अंग तो मागून ओढून घेतो. अर्ध्या इंचाची जाळी दिसायला हिचीच बहीण, पण ती फक्त थोराड उंदराला अडवते आणि पिल्लांना वाट देते. उलट्या टोकाला मच्छरदाणीची बारीक जाळी. तीही लोक हौसेनं लावतात. पहिल्याच पावसाळ्यात ती चिखलानं आणि धुळीनं लिंपून जाते, एसीला हवा पुरत नाही, आणि नायलॉनची असेल तर उंदीर ती कुरतडून मोकळाही होतो. आमची ही मात्र हवेला रोखत नाही. पाव इंचातून वारा खुशाल जावा, शेपूटवाल्यानं बाहेर राहावं, असा तिचा हिशेब.

समोरचा गडी साधा नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. दाताच्या पुढच्या अंगाला कडक कवच आणि मागचं अंग मऊ, त्यामुळे चावता चावता दाताला आपोआप पटाशीसारखी धार येते. त्या कवचात लोहाचा अंश असतो, म्हणून उंदराचे दात पिवळट-नारिंगी दिसतात. प्लास्टिक, रबर, फोम, वायरींवरचं आवरण, यांपैकी काहीच त्या धारेपुढे टिकत नाही. पोलादाच्या तारेपाशी मात्र ती धार बोथट पडते.

ही नसते तेव्हा काय होतं, ते गॅरेजमध्ये डॅशबोर्डचा खण उतरवताना दिसतं. मागचा फिल्टर ओढला की आधी वास येतो. मग कागदाच्या घड्यांचा चोथा, बॉनेटखालच्या नमद्याचे तुकडे, शेंगांची टरफलं, कुठल्याशा झाडाच्या बिया आणि लेंड्या. पंखा सुरू केल्यावर खरखर का यायची, याचं उत्तर तिथेच मिळतं. उंदराला ही जागा सापडली यात नवल नाही. अंधारी, कोरडी, गाडी नुकतीच थांबली असेल तर उबदार, आणि अंथरुणाला कागद तयार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे न हललेली गाडी त्याला आयतं घर वाटते. २०२०च्या टाळेबंदीत कितीतरी गाड्यांनी हे भोगलं.

इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मागच्या सीटवरच्या पोरांची. त्या घरट्यावरून आलेली हवा थेट त्यांच्या नाकात जाते. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो, हे २००५च्या पुरानंतर मुंबईला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून असं घरटं सुकं झाडू नये. हातमोजे आणि मास्क घालावा, जंतुनाशक फवारून सगळं ओलं करावं, थोडा वेळ थांबावं आणि मगच उचलावं.

तिच्या ओळीत बसू पाहणारे पुष्कळ. तंबाखूची पुडी, फिनेल, कापूर. वास चार दिवसांत उडतो आणि उंदीर परत येतो. डांबरगोळ्या हवेच्या तोंडाशी ठेवणं तर घातकच, कारण त्यांची वाफ आपल्याच छातीत जाते. विषाची वडी मला मुळीच पटत नाही. खाल्लेला उंदीर नेमका एसीच्या नळीत जाऊन मरतो आणि मग डॅशबोर्ड खोलल्याशिवाय सुटका नाही. जाळी कोणाला मारत नाही. ती फक्त आत येऊ देत नाही, आणि उंदीर दुसरीकडे बिऱ्हाड शोधतो. तिचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो.

तिचा खरा सोबती आहे आतली झडप. गाडी लावताना आतल्या आत फिरणाऱ्या बाणाचं बटण दाबून ठेवलं, तर बऱ्याच गाड्यांत ती झडप बाहेरच्या हवेची वाट मिटते. ही दुसरी कडी, फुकटची.

तिच्यातही खोडी आहेत. जस्ताचा मुलामा दिलेली असेल तर कापलेल्या टोकांवर जस्त उरत नाही आणि गंज तिथून चढतो. कोकणात, गोव्यात, खाऱ्या वाऱ्यात तर लवकरच. तिथे चार पैसे जास्त देऊन स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. सैल बसली तर खड्ड्यांतून थरथरते, आणि एखादा कोपरा उचलला गेला तर तेवढं भोक उंदराला पुरतं. म्हणून कडा आत दुमडून, चारी बाजूंनी बोटभर जास्त घेऊन घट्ट बांधावी. पाणी निघून जाण्याची भोकं तिच्याखाली झाकू नयेत, नाहीतर पावसाचं पाणी तुंबून पंख्यापर्यंत पोचतं. मे महिन्याच्या अखेरीस तिच्यावरचा पालापाचोळा काढावा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. काच बदलताना किंवा वायपरची मोटर काढताना कारागीर पट्टी उचलतो, जाळी सुटते, आणि ती मूळची नसल्यानं परत बसवायची कोणाला आठवण राहत नाही. गाडी गॅरेजला देतानाच तिच्याबद्दल सांगावं, आणि गाडी विकताना नव्या मालकाला पट्टी उचलून ती दाखवावी.